पलतड

सेजलनं दिलेला कागद गोकुळदासनं वाचला आणि मग उलटा करून त्याची मागची बाजू पाहिली. मागं काहीच नव्हतं. त्यानं कागद उजेडात धरला. तरी काही नव्हतं.

"काय शोधताय काका?"

"अटी."

"अटी नाहीतच. तेच सांगतेय मी मघापासून."

गोकुळदासनं कागद मेजावर ठेवला आणि उडून जाऊ नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. डिचोलीकडच्या एका खाण कंपनीत हिशेब लिहिण्यात त्याचा जन्म गेला होता. अटी असलेला पैसा त्याच्या ओळखीचा होता. तो पाहुण्यासारखा येतो, दारात चपला काढतो, आल्या आल्या कधी उठणार ते सांगतो. बिनअटीचा पैसा म्हणजे नावगाव न सांगता ओटीवर येऊन बसलेला माणूस. त्याला पाणी विचारावं की कुत्रा सोडावा, हेच ठरत नाही.

मोरवणच्या रवळनाथाच्या सभामंडपात चार-पाच मानकरी बसले होते. सेजल साखळी गावची, सरहद्दीवरच्या जंगलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होती. माणसांबद्दल बोलताना ती घरच्यासारखं बोले. पैशांचा विषय निघाला की तिची भाषा इस्त्रीचे कपडे घालून येई.

"दहा वर्षं पैसे येत राहतील. कशावर खर्च करायचे ते तुम्ही ठरवायचं. चुकलं असं वाटलं, तर मध्येच बदलायचं. एका वर्षी राखणीला माणसं लागतील, एका वर्षी पाणवठा साफ करावा लागेल, एखाद्या वर्षी हत्तीपायी कुणाची केळी गेली ती भरून द्यावी लागतील. काय केलं एवढं सांगा. असंच का केलं, म्हणून कोणी तुमच्या मानेवर बसणार नाही."

"आणि धा वर्सांनी हत्ती खंय जातलो?" बाबलीनं विचारलं. तिठ्यावर बाबलीचं चहाचं दुकान होतं, आणि प्रश्न टाकून उत्तराची वाट न पाहणं हा त्याचा जोडधंदा.

"कुठेच जाणार नाही. म्हणून तर दहा वर्षं."

बाबलीनं प्रथमच उत्तर ऐकलं आणि तो जरा नाराज झाला.

मोरवणला आधी एकदा असे पैसे मिळाले होते. तेव्हा कागदावर सगळं होतं: सूर्यावर चालणारं कुंपण, त्याची लांबी, उंची, उद्घाटनाचा फोटो. मुदत संपली तशी पैसे देणारी माणसं गेली, मग बॅटऱ्या गेल्या. तारा तेवढ्या राहिल्या. त्यांवर आता बाबलीच्या बायकोच्या कारल्याचे वेल चढले होते. हत्ती मात्र कुंपण चालू असतानाच शिकला होता. तार गोव्याची हद्द संपते तिथं संपत होती. तो तिथपर्यंत शांतपणे चालत जाई आणि वळून आत येई.

"एक गोष्ट मात्र आहे," सेजल म्हणाली.

"बघ. इली अट," गोकुळदास म्हणाला. त्याला बरंच वाटलं.

"बेळशी. पैसे दोन्ही गावांना मिळून आहेत. तुम्ही आणि ते एकत्र बसून ठरवणार. हो की नाही ते जत्रेपर्यंत कळवायचं. हत्ती काय, गवे काय, त्यांना व्हाळ म्हणजे पाणी प्यायची जागा. सरहद्द आपली, काका."

सभामंडपात सगळे व्हाळाकडे बघू लागले. बाबलीसुद्धा.

मधल्या ओढ्याच्या, व्हाळाच्या, अलीकडे मोरवण, म्हणजे गोवा. पलीकडे बेळशी, म्हणजे महाराष्ट्र. हालतड आणि पलतड. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पोरंसुद्धा पार होत, पण मोठी माणसं एकमेकांकडे जात नसत. गोकुळदासच्या वडिलांच्या काळात जत्रेच्या नारळावरून भांडण झालं होतं. बेळशीचा मानाचा नारळ आधी फोडायचा की मोरवणचा, एवढाच मुद्दा. त्या साली बेळशीवाले नारळ परत घेऊन गेले ते गेले.

हत्तीच्या बाबतीत मात्र दोन्ही गावांचं एकमत होतं. संध्याकाळी तो मोरवणच्या कुळागरात, सुपारी-केळीच्या बागेत, शिरला की मोरवणचे पोरगे फटाके लावून त्याला पलतडी घालवत. पलतडीचे दुसऱ्या संध्याकाळी त्याला हालतडी घालवत. कोणीच त्याला गावाबाहेर काढत नव्हतं. नुसता एकमेकांच्या अंगणात सारत होते.

गेल्या कार्तिकात मोरवणच्या पोरांनी त्याला असाच पार घातला. तिकडे गोपाळ नावाचा माणूस अंधार पडायच्या आत गाय सोडून आणायला केळीत गेला होता. फटाके वाजले, हत्ती बिथरून पाण्यातून चढला, आणि गोपाळ त्याच्या वाटेत होता. पंचनामा पलीकडे झाला, रडणं पलीकडे झालं. मोरवणात त्या संध्याकाळबद्दल दोनच शब्द बोलले जात. हत्ती गेला.

फटाक्यांचं पुडकं गोकुळदासच्या मुलाच्या, रुद्रेशच्या हातात होतं.

---

बेळशीनं आपल्यातर्फे नाव कळवलं ते सुलोचनाचं. गोपाळची बायको.

"म्हणजे नाय म्हणूनच सांगितल्यानी," बाबली म्हणाला. "तिका बघून आमीच उठून येतलों, आणि मोडला तां मोरवणान मोडला, असा होतला. हुशार हत ते. आमच्यातलेच शेवटी."

गोकुळदासलाही तसंच वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो सेजलच्या स्कूटरवर मागं बसला आणि पुलावरून बेळशीला गेला. वाटेवरून चालत गेला असता तर पाच मिनिटं. पण व्हाळ उतरून त्या काठाला चढायचं त्याच्या पायांच्या मनात नव्हतं.

सुलोचना अंगणात माडाच्या चुडतांचे हीर काढत बसली होती. कोयतीच्या एका ओढीत पातं वेगळं होई आणि हीर वेगळा. शेजारी एक केरसुणी बांधून तयार होती. तिनं वर पाहिलं, कोयती खाली ठेवली आणि आत जाऊन तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली.

"बसा. कदेल बरी नाय, एक पाय लटकता. वायच भिंतीक टेकून बसा."

गोकुळदास खुर्ची भिंतीला टेकवून बसला. तांब्या त्याच्यासमोर होता. बेळशीचं पाणी त्याच्या वडिलांनी मरेपर्यंत घेतलं नव्हतं.

सेजलनं सगळं पुन्हा सांगितलं. सुलोचनानं हीर काढता काढता ऐकलं.

"धा वर्सां," ती म्हणाली. "आणि तू?"

"मी काय?"

"तू धा वर्सां येत रवतलंय? कुंपणवालो झीलगो बरो होतो. माका काकी म्हणायचो. मगे तेका बेंगळुरात नोकरी लागली. फोन करता म्हणालो."

सेजलनं हातातली स्कूटरची किल्ली खाली ठेवली. "मी कदाचित नसेन," ती म्हणाली. इस्त्री उतरली होती. "पण पैसे माझ्या नावावर नाहीत, काकी. तुमच्या दोन गावांच्या नावावर आहेत. मी गेले तरी ते जाणार नाहीत."

"हां. ह्या खरा बोललंस." सुलोचनानं आणखी एक चुडत ओढलं. मग ती गोकुळदासकडे वळली. "भाऊ, जत्रेक गाराणा तुमीच घालतास मा?"

"व्हय."

"आमचा नाव अजून नाय मा त्यात?"

गोकुळदासनं मान हलवली. गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावाच्या वतीनं देवाला तोंडी केलेली मागणी. एकानं उभं राहून मागायचं आणि प्रत्येक मागणीला गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यात पूर्वी 'हालतडीच्या पलतडीच्या लेकरांक सांबाळ' असं होतं. भांडणाच्या साली त्याच्या वडिलांनी 'पलतडीच्या' हा शब्द गाळला. ना कोणाला विचारलं, ना देवाचा कौल घेतला. पुढच्या शब्दावर गेले. गोकुळदासनं गाऱ्हाणं वडिलांकडून घेतलं ते तसंच घेतलं, शिल्लक पुढं ओढावी तसं. त्यात एक शब्द वाढला नव्हता की कमी झाला नव्हता.

"माजो सासरो सांगायचो," सुलोचना म्हणाली, "आमी हयसर अंगणात बसून आयकायचों. वाऱ्यार येता ना आवाज. पलतडीचा म्हटला की आमी हयसून व्हय म्हाराजा म्हणायचों." तिनं हिराचं टोक बोटानं साफ केलं. "आता देवाक आमी दिसनंव नाय. हत्तीक तेवढे दिसतो."

कोंबडी अंगणातून पार गेली. गोकुळदास तांब्याकडे पाहत होता.

"मी बसतंय तुमच्यावांगडा," ती म्हणाली. "पण सभा तुमच्या देवळात घालतास. मी खंयच्या नात्यान येव थंय? देवान माका भायर ठेवलेला. पयला त्येका सांगा."

गोकुळदास उठला. 'बघतंय' म्हणाला. सेजलनं स्कूटर चालू केली, तेव्हा सुलोचनानं मागून हाक मारली.

"भाऊ, तुमचो झील खंय कामाक?"

त्याचा हात सीटवर थांबला.

"तुयेक. फॅक्टरीत."

"पाळी सुटान काळोखाचो येता?"

"कधी कधी."

"त्येका सांगा, व्हाळाकडच्या वाटेन येव नको. हल्ली त्या वाटेर फिरता तो."

एवढं बोलून ती परत हीर काढायला बसली. गोकुळदास चार पावलं मागं आला, अंगणात वाकला आणि तांब्या उचलून त्यातलं पाणी प्याला. सगळं.

---

मानकऱ्यांनी ऐकून घेतलं आणि नको म्हटलं. ते काही वाईट नव्हते. त्यांना फक्त सवय होती. गाऱ्हाण्यात शब्द घालायचा तर कौल घ्यायला हवा, कौल घ्यायचा तर गाव बसायला हवा, गाव बसायला हवा तर जत्रा होऊन जाऊ दे.

"जत्रेनंतर ते पैसे दुसऱ्या गावाक जातले," गोकुळदास म्हणाला.

"जाऊंदेत. आमी खंय मागलेले?" एकजण म्हणाला. "हत्ती काय आज इलो?"

"शब्द काढताना घेतलेलो काय रे कौल?" बाबलीनं विचारलं आणि सवयीप्रमाणे उत्तराची वाट न पाहता चहाचे पेले गोळा करू लागला.

रुद्रेश त्या दिवशी दिवेलागणीला घरी आला. डबा हातात, हेल्मेट कोपराला. गेल्या वर्षापासून तो जेवायला बसे पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. चवथीला वाड्यावरच्या पोरांनी फटाक्यांची पहिली माळ लावली, तेव्हा हा आरती सोडून मागल्या दारी गेला होता आणि विहिरीवर उगाचच पाणी काढत राहिला होता. घरात सगळ्यांनी ते पाहिलं. कोणी विचारलं नाही. न विचारणं ही मोरवणची जुनी विद्या.

"व्हाळाकडच्या वाटेन येव नको," गोकुळदास म्हणाला.

"कित्याक?"

"हत्ती फिरता थंय."

"कोणी सांगितला?"

"सुलोचनान."

रुद्रेशनं डबा ओट्यावर ठेवला. मग तो मोरीत गेला. नळाचा आवाज येत राहिला. हात धुवायला माणसाला एवढं पाणी लागत नाही, हे हिशेबाच्या माणसाला कळत होतं. त्यानं नळ बंद कर म्हणून सांगितलं नाही.

त्यानं विचार केला तो वेगळाच. गाऱ्हाणं घालताना एकदा दम लागून त्याची एकच ओळ दोनदा म्हणून झाली होती. गावानं दोनदा 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं. वडिलांनी शब्द गाळला त्या सालीही गाव 'व्हय' म्हणालंच होतं. गाव शब्द ऐकत नाही, थांबा ऐकतं. आवाज खाली आला की 'व्हय म्हाराजा'. आणि एकदा देवापुढं 'व्हय' झालं की ते झालं. ते मागं घ्यायची रीत मोरवणात नव्हती.

म्हणजे एकच शब्द. आवाज न हलवता. काढला तसा घालायचा.

---

जत्रेला दीपमाळ लागली. गुळातल्या खाज्यांची दुकानं, फुग्यांचे आवाज, मुंबईहून आलेले चाकरमानी, मोपाच्या बाजूला उतरणाऱ्या विमानाचा दिवा. पालखी बाहेर काढायच्या आधी गाऱ्हाणं. सेजल बायकांत उभी होती. रुद्रेश अगदी मागं, शेवटच्या खांबाशी.

गोकुळदासनं नारळ दोन्ही हातांत धरला आणि सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

आवाज ओळखीच्या वाटेनं चालला होता. गुरंढोरं आली, शेतभात आलं, परदेशी गेलेली पोरं आली. गाव एका सुरात होकार भरत होतं. एकीकडे खाजं चाललं होतं, एकीकडे कोणाचा फोन.

"तुज्या हालतडीच्या पलतडीच्या लेकरांक, चालत्या बोलत्या जिवाक सांबाळ म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

झालं. साऱ्या गावानं म्हटलं. बाबलीनंसुद्धा म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. एकदोन मानकऱ्यांनी माना वळवल्या. कोणी काही बोलणार, तेवढ्यात गोकुळदास पुढच्या ओळीवर गेला. थांबायचं नाही, हे त्यानं ठरवलंच होतं.

"आणि जी काय इडा, जी काय पीडा गावार येयत, ती..."

आणि तो थांबला.

जमेची बाजू त्यानं आठवडाभर घोकली होती. खर्चाची बाजू बघायची राहिली होती. ती ओळ अशी होती: ती व्हाळापलीकडे धाड म्हाराजा. वडील तसंच म्हणत, तो तसंच म्हणत आला होता. वर्षातून एकदा, गेल्या कार्तिकानंतरच्या जत्रेतही, असाच नारळावर हात ठेवून. आणि गाव 'व्हय' म्हणालं होतं.

व्हाळापलीकडे आता कोण होतं, ते त्यानं आत्ताच, एका दमात, देवाला सांगितलं होतं.

गाऱ्हाण्यात कधी खंड पडला नव्हता. गाव हळूहळू गप्प झालं. आधी पुढच्या रांगा, मग बायका, मग बाहेरचा फुगेवालाही. पालखीचे भोई खांदे तयार ठेवून उभे होते. व्हाळाकडून वारा येत होता. पलीकडे एका अंगणात दिवा दिसत होता.

गोकुळदासच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याशी आला. हात नारळात अडकले होते, पुसता येईना.

"ती..." तो पुन्हा म्हणाला. आवाज खाली आला नव्हता, म्हणून कोणी 'व्हय' म्हटलं नाही. "ती खंय धाडू नको म्हाराजा. हयसरच रवांदे. आमी बघतों."

आता आवाज खाली आला. थांबा आला. पण गावानं ह्या वेळी ऐकलं होतं, म्हणून कोणाला काही म्हणता येईना. इडापीडा घरात ठेवून घ्यायला कोण होकार देतो? मानकरी एकमेकांकडे पाहू लागले. बाबली जमिनीकडे. सेजलनं पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात नेला.

गोकुळदासनं मान वर केली नाही. 'व्हय' आल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तो तसाच उभा राहिला, कर्ज मागायला आल्यासारखा.

"व्हय म्हाराजा."

आवाज एकट्याचाच होता. शेवटच्या खांबाकडून आलेला, घोगरा, वर्षभर न वापरलेला.

माना मागं वळल्या. रुद्रेश खांबाला टेकला नव्हता. सरळ उभा होता. गोकुळदासनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढची ओळ त्याच्या तोंडातून निघाली नसती, आणि अजून तीन ओळी बाकी होत्या. त्यानं त्या म्हटल्या. त्यांना गाव 'व्हय' म्हणालं, आधीपेक्षा हळू, शब्द ऐकून.

मग त्यानं नारळ फोडला. पाणी पायरीवर सांडलं. पालखी उठली, ढोल वाजले आणि गाव तिच्यामागं निघालं.

रुद्रेश पुढं येऊन उभा राहिला. गोकुळदासनं नारळाचं एक भकल केळीच्या पानात बांधलं आणि त्याच्या हातात दिलं.

रुद्रेशनं पुडी पाहिली. कोणासाठी, हे त्यानं विचारलं नाही.

"काय सांगू?"

"कायेक सांगू नको. दी आणि उभो रव. बस म्हणाली तर बस." थोडं थांबून तो म्हणाला, "कदेल लटकता. भिंतीक टेकून बस."

रुद्रेशनं पायरीखालच्या चपला पायात सरकवल्या. पुडी दोन्ही हातांत होती, म्हणून त्या नीट चढेनात. तो तसाच चार पावलं गेला.

"रुद्रेश," गोकुळदासनं हाक मारली. "व्हाळाकडच्या वाटेन..."

"नाय," रुद्रेश न वळता म्हणाला. "पुलावरसून जातंय. तिना सांगितलेला हा मा."